काळ्या केसांना बालायाज: रंग दिसावा, पण रंगवलेले दिसू नयेत

अबोली२२ | ११ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,
मेंदीवरचे दोन जुने धागे वाचून काढले, पण माझं दुखणं वेगळं आहे म्हणून नवीन धागा काढतेय.

वय ४२. केस काळे, जाड, किंचित लहरी, कमरेच्या वीतभर वर. कानशिलांशी पांढऱ्यांनी बस्तान बसवलंय, बाकी डोक्यावर तुरळक. १२ वर्षं दर महिन्याला मेंदी लावली. आदल्या रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची, आवळकाठी घालायची आणि मग अख्खा रविवार डोक्याला प्लास्टिकची पिशवी. १४ महिन्यांपूर्वी कंटाळून बंद केली.

आता हाताने, ब्रशने रंगवतात तो बालायाज प्रकार करावा असं डोक्यात आहे. माझ्या अटी तीन. ऑफिसात कोणी 'अय्या, केस रंगवलेस?' असं विचारता कामा नये. वर्षातून दोनदाच्या वर पार्लरची पायरी चढणार नाही. आणि मुळांशी रंगाची रेघ दिसायला लागली की जो केविलवाणा प्रकार होतो तो नको.

कोथरूडमधल्या एका सलूनमध्ये चौकशी केली. तिथल्या मुलीने मोबाइलवर जो फोटो दाखवला त्यातल्या बाईचे केस दुधाळ चहाच्या रंगाचे होते. माझ्या गव्हाळ चेहऱ्याभोवती ते कसं दिसेल या विचारानेच घाम फुटला. मेंदीबद्दल तिने एका शब्दाने विचारलं नाही. हे बरोबर आहे का?

झुळूक | ११ जानेवारी, रात्री १०:४०

धागा वाचतेय. मलाही हेच हवंय. कानशिलाच्या बस्तानासकट.

पाटावरवंटा | ११ जानेवारी, रात्री ११:०५

बालायाज हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ केर काढणे, झाडू मारणे असा आहे, एवढी मोलाची भर घालून मी माझी रजा घेतो. डोक्यावर झाडण्यासारखं काही उरलेलं नाही. (दिवे घ्या.)

कैचीवाली | १२ जानेवारी, सकाळी ८:५०

पाटावरवंटा, चेष्टा केलीत पण अर्थ बरोबर सांगितलात. ब्रश केसांवरून झाडल्यासारखा फिरवायचा, म्हणून ते नाव. १९७० च्या दशकात पॅरिसच्या सलूनमध्ये ही पद्धत रुळली.

अबोली, मी ठाण्यात १७ वर्षं केस कापतेय आणि रंगवतेय. ज्या बाईने मेंदीबद्दल विचारलं नाही तिच्याकडे जाऊ नकोस, एवढं पहिल्यांदा ऐक.

हायलाइट्स म्हणजे बारीक बटा वेचून, फॉइलमध्ये गुंडाळून, पार मुळापासून हलक्या केलेल्या. दीड-दोन महिन्यांत खालून काळे केस येतात आणि तुझी ती केविलवाणी रेघ तयार होते. ओम्ब्रेमध्ये वर काळं, खाली फिकं, मध्ये सरळ सरळ सीमारेषा. बालायाजमध्ये मुळं तशीच राहतात. बटेच्या वरच्या भागात ब्रशने अगदी पुसट, खाली येता येता जास्त ब्लीच पावडर. बटेच्या कडांना इंग्रजी व्ही काढल्यासारखे फटकारे, मधला भाग थोडा मोकळा. हात हलका असेल तर रंग कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मुळं मुळातच तुझ्या रंगाची असल्याने केस वाढले तरी रेघ पडत नाही. कमी देखभालीचं सगळं गुपित एवढंच आहे, बाकी शँपू-बिंपू नंतरची गोष्ट.

आता तुझी खरी अडचण. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. १४ महिन्यांचे झाले साडेसतरा, म्हणजे जेमतेम सात इंच. मेंदीविना केस तुझे तेवढेच, त्याखाली सगळी मेंदी. आणि बालायाज नेमकं खालच्याच भागात करतात!

केमिकललोच्या | १२ जानेवारी, दुपारी १:२०

वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. ११वी-१२वीला रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आपल्या केसांत काळं-तपकिरी आणि तांबूस-पिवळं अशी दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात. ब्लीच पावडर पेरॉक्साइडमध्ये कालवून लावली की काळं आधी फुटतं, तांबूस चिवटपणे मागे राहतं. म्हणून काळा केस एकदम सोनेरी होत नाही. आधी विटकरी, मग गाजरासारखा, मग हळदीसारखा, आणि बराच छळ केल्यावर फिका पिवळा. सलूनवाले केसांना १ ते १० पायऱ्या देतात, १ म्हणजे काळाकुट्ट. आपण बहुतेक जण १ ते ३ मध्ये. त्या फोटोतली बाई ८ किंवा ९ वर असणार. तिथपर्यंत जायचं म्हणजे केसाचं पार सुतळ होणार. थोड्याच पायऱ्या चढून ५ किंवा ६ वर थांबलात तर केस जगतो आणि रंगही आपला वाटतो.

मेंदीतलं रंगद्रव्य, लॉसोन, केसाच्या प्रथिनाला धरून बसतं आणि ब्लीचने नीट जात नाही. काळं गेलं तरी नारिंगी मागे राहतं. पण मला त्याहून धास्ती वाटतेय ती लोखंडी कढईची. आंबट, तुरट मेंदी रात्रभर लोखंडात ठेवली की त्यात लोह उतरतं, म्हणून तर ती काळपट होते. लोह पेरॉक्साइडला झटपट फोडतं आणि उष्णता बाहेर पडते. बाजारातल्या काही तयार 'मेंद्यां'मध्ये तर धातूंचे क्षार मुद्दाम घातलेले असतात. तशा केसांवर ब्लीच लागलं तर केस गरम होऊन जागेवर तुटू शकतात. तुमच्या बाबतीत तसं होईलच असं नाही, पण तपासल्याशिवाय डोक्याला हात लावू देऊ नका.

अबोली२२ | १२ जानेवारी, रात्री ९:३०

केमिकललोच्या, कढईकडे आत्ता जाऊन बघितलं. १२ वर्षं आजीच्या कढईचं कौतुक केलं आणि हीच निघाली आतल्या गाठीची!

आणखी एक कबुली. भाच्याच्या मुंजीच्या वेळी गल्लीतल्या पार्लरमध्ये 'काळी मेंदी' लावून घेतली होती, दोनदा. पाकिटावर काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

कैचीवाली | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

काळी मेंदी म्हणून मेंदी नसतेच गं. मेंदीचा रंग तांबडा. काळं व्हायला एकतर त्यात नीळ (इंडिगोच्या झाडाची) हवी किंवा पीपीडी नावाचा रासायनिक रंग. निळीवर ब्लीच पडलं तर हिरवट छटा येते, पीपीडीची अ‍ॅलर्जी असेल तर टाळू सुजते. दोन्ही लक्षात ठेव.

आता करायचं काय ते सांगते. आठवडाभर कंगव्यात येणारे लांब केस टाकू नकोस. मुळांचा पांढरा ठिपका एकाच बाजूला येईल असे जुळवून दोऱ्याने बांध. साधारण पेन्सिलच्या शिशाएवढी जुडी झाली की सलूनमध्ये ने. त्यांनी आधी ती पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब टाकून अर्धा तास बुडवून बघावी. बुडबुडे आले, वाटी गरम झाली, की विषय संपला, त्या केसांना ब्लीच नाही. काही झालं नाही तर दुसऱ्या जुडीवर ब्लीच लावून रंग कुठवर चढतो ते बघायचं. 'एवढं कशाला मॅडम' म्हणणाऱ्या सलूनमधून चहा पिऊन परत ये.

रेणू_न्यूजर्सी | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

माझी करुण कहाणी ऐका म्हणजे दुसऱ्या कोणाची वाचेल. इथे एडिसनमध्ये देशी पार्लर गल्लोगल्ली आहेत, पण मी हौसेने दुसऱ्या शहरातल्या एका झकपक सलूनमध्ये गेले. फोटो दाखवला तो राखाडी तपकिरीचा. तांबूस छटा मला अज्जिबात नको होती. चार तासांनी आरशात बघितलं तर खरंच सुंदर राखाडी तपकिरी. फोटो काढले, नवऱ्याला पाठवले, टिपही भरभक्कम दिली.

सहा आठवड्यांनी तेच केस गाजर हलव्याच्या रंगाचे. कारण राखाडी छटा होती टोनरची (ब्लीचनंतर वरून चढवतात तो तात्पुरता रंग) आणि खाली होतं नारिंगी. टोनर धुऊन गेला, नारिंगी उघडं पडलं. परत टोनर, परत पैसे, परत सहा आठवडे. वर्षभर हेच चालू होतं. शेवटी कापून टाकले.

तेव्हा सलूनवालीला एकच प्रश्न विचारायचा: टोनर उतरल्यावर काय दिसेल? ते जे दिसणार आहे तोच तुमचा रंग. तो आवडणार असेल तरच बसा खुर्चीत.

झुळूक | १३ जानेवारी, रात्री ८:१०

रेणू, हे सोन्यासारखं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.
पण मग निळे-जांभळे शँपू असतात ते कशाला?

कैचीवाली | १३ जानेवारी, रात्री ९:००

जांभळा पिवळेपणा मारतो, निळा नारिंगीपणा मारतो. काळ्या केसांवर ५-६ पायरीवर थांबलेल्यांना जांभळ्याचा काडीचा उपयोग नाही, तरी दुकानदार तोच गळ्यात मारतात. निळाही वापरायचा तर पंधरा दिवसांतून एकदा, दोन-तीन मिनिटं. आणि मुळात कॅरमल, चेस्टनट, दालचिनी असली उबदार छटा घेतली असेल तर तो घेऊच नका! पैसे देऊन आणलेली ऊब आपल्याच हाताने धुऊन काढायची हा कुठला शहाणपणा?

माझं मत विचाराल तर आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगाला उबदार छटाच खुलतात. राखाडी छटेने चेहरा उतरल्यासारखा दिसतो, आजारी बाईसारखा. तरी गिऱ्हाइकं फोटो घेऊन येतात, मी समजावते, काही रागावून शेजारच्या सलूनमध्ये जातात. जाऊ देत.

फोटो न्यायचाच असेल तर ज्यात मुळं काळी आहेत असा न्या. आणि केस कुरळे केलेले, गोल दिव्यासमोर काढलेले फोटो बाद. कुरळ्या केसांत वाईट कामही मुरून जातं. सरळ केसांवर उन्हात काढलेला फोटो मागा.

मांडवीकाठ | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

पणजीहून. मी तीन वर्षांपूर्वी केलं, तांबूस चेस्टनट. दोन भानगडी सांगते.

पोहण्याच्या तलावात केस हिरवट होतात ते क्लोरीनने असं सगळे म्हणतात, खरं कारण पाण्यातलं तांबं असतं. कोरडा केस ते पाणी स्पंजासारखा पितो. म्हणून उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब करायचे, थोडं कंडिशनर चोळायचं, टोपी घालायची. समुद्राचं मी सोडूनच दिलंय. ऊन आणि खारं पाणी केस स्वतःच उजळवतात, फुकटचं बालायाज.

दुसरी भानगड बोअरवेलची. जड पाण्याने रंग मळतो.

सासुरवाशीण_जुनी | १४ जानेवारी, दुपारी ३:०५

पुण्यात एप्रिल-मे म्हणजे टँकर, तेव्हा जड पाण्याला पर्याय नाही. मी शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे ओतते. (नुसत्या यूव्हीच्या फिल्टरने जडपणा जात नाही, आरओच हवा.) महिन्यातून एकदा क्षार काढणारा शँपू. बाकी वेळी साधा सौम्य.

खोबरेल न्हाण्याच्या आदल्या रात्री, ब्लीच केलेल्या केसांना तर हवंच. धुताना केसातलं प्रथिन निघून जातं ते खोबरेलाने कमी जातं, असं मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधन विभागाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. तेल विकणाऱ्यांचाच अभ्यास आहे म्हणा, पण आजीचंही मत तेच होतं आणि ती तेल विकत नव्हती.

इस्त्री फिरवणाऱ्यांनो, १८० अंशांच्या वर नको. टोनर भाजून निघतो.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. बिल नीट वाचा.

झुळूक | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

कानशिलाच्या पांढऱ्यांचं कोणी बोलेल का? ते झाकले जातील ना यात?

कैचीवाली | १४ जानेवारी, रात्री ९:४०

नाही. बालायाजने पांढरे झाकत नाहीत, हे आधीच सांगते म्हणजे नंतर भांडण नको. मुळांना डाय लावला की दर चार आठवड्यांनी टचअप आला, म्हणजे अबोलीची दुसरी अट मोडली. त्यातून तो डाय घाईघाईत खालपर्यंत ओढला गेला की केलेलं बालायाज काळं होतं.

आम्ही करतो ते असं: चेहऱ्याभोवती आणि कानशिलाशी अगदी बारीक, दोऱ्याएवढ्या बटा हलक्या करतो. काळ्याशेजारी पांढरा केस उठून दिसतो, मधाच्या रंगाशेजारी तो मिसळून जातो. पांढरे निम्म्याहून कमी असतील तर हे छान जमतं. जास्त असतील तर नाही जमत.

दम्याचा त्रास असेल त्यांनी आधी सांगायचं, ब्लीचच्या पावडरीतल्या परसल्फेटने तो उसळू शकतो. टोनरची चाचणी कानामागे, ४८ तास आधी. 'अमोनियाविना' लिहिलं म्हणजे निर्धोक, असं नाही.

माहेरवाट | १५ जानेवारी, सकाळी १०:१०

दोन वर्षांपूर्वी रिबाँडिंग (रसायनाने केस कायमचे सरळ करणं) केलंय. माझं जमेल का?

कैचीवाली | १५ जानेवारी, सकाळी १०:३५

रिबाँडिंग केलेल्या भागाला ब्लीच नको. तो कापून निघेपर्यंत थांब.

माहेरवाट | १५ जानेवारी, सकाळी १०:३६

:( भापो (भावना पोचल्या).

अबोली२२ | ८ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

धागा वर काढतेय.

जुडी घेऊन तीन सलूनमध्ये गेले. पहिल्या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी करणी करायला आलेय. तिसऱ्या ठिकाणी साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी जुडी उजेडात धरली, बोटांतून सरकवली आणि बरोबर सात इंचांवर नख टेकवून म्हणाल्या, 'मेंदी इथपर्यंत.' मी मनातल्या मनात लोटांगण घातलं.

पेरॉक्साइडमध्ये काही झालं नाही, वाटी गार. मग दुसऱ्या जुडीला ब्लीच लावून आम्ही दोघी गप्पा मारत बसलो. पाऊण तासाने धुतलं. वरचे सात इंच कॅरमल, सुरेख. खालचा भाग मंगलोरी कौलाचा रंग आणि शेवटची तीन-चार बोटं जवळजवळ होती तशीच काळपट. ती बहुधा मुंजीची काळी मेंदी. एकाच केसावर तीन बायका नांदत होत्या.

बाईंचा सल्ला: तळाचे पाच इंच कापा, काळं जाईल. उरलेल्यावर कॅरमलचा हट्ट सोडा, मेंदीचा तांबूसपणाच धरून वरचा भाग त्याला जुळवून घेऊ. म्हणजे वर कमी उजळायचं, खाली आहे त्यात थोडीच भर.
काय करू?

केमिकललोच्या | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

यापेक्षा चांगला सल्ला मिळणार नाही. नारिंगीशी भांडायचं नाही ठरलं की अर्धं ब्लीच वाचतं.

रेणू_न्यूजर्सी | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

त्या बाईंना न्यूजर्सीला पाठवता का?

अबोली२२ | २२ फेब्रुवारी, रात्री ९:२०

झालं! पाच इंच गेले, थोडं रडू आलं, मग हलकं वाटलं.

एका हातात फळी, तिच्यावर केसांची बट पसरलेली, दुसऱ्या हातात ब्रश. दह्यापेक्षा घट्ट अशी पांढरी पेस्ट. बाई मध्येच दोन पावलं मागे जाऊन आरशातून बघायच्या, परत पुढे. मागच्या बाजूला आठ-दहाच बटा, पुढे थोड्या जास्त, कानशिलाशी त्या दोऱ्यासारख्या. ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड, त्याहून कडक नको म्हणाल्या, वेळ लागू दे. बटांखाली पातळ प्लास्टिक घातलं आणि पाच-पाच मिनिटांनी एक बट पुसून बघत होत्या. मग टोनर, तांबूस चेस्टनट. सगळं मिळून साडेतीन तास. साडेसात हजार रुपये, कापण्यासकट.

सावलीत केस काळेच दिसतात. खिडकीशी उभी राहिले की कळतं.

झुळूक | २२ फेब्रुवारी, रात्री ९:२५

फोटो??

अबोली२२ | २२ फेब्रुवारी, रात्री ९:३१

पाठमोरा टाकलाय प्रोफाइलवर. तोंड दाखवणार नाही, इथे ऑफिसातलं कोणी असेल तर सगळी तपश्चर्या पाण्यात.

अबोली२२ | १९ मे, रात्री १०:०५

तीन महिन्यांचा अहवाल, कारण धागे अर्धवट सोडणाऱ्यांचा मला राग येतो.

टोनर साधारण सात आठवड्यांत उतरला. खाली जे निघालं ते टोनरपेक्षा किंचित जास्त तांबूस, पण त्याच घरातलं. परत टोनर केला नाही. मुळं जवळजवळ चार सेंटिमीटर वाढली, रेघ नाही. कानशिलाचे पांढरे आहेत, पण शोधावे लागतात. टोकं कोरडी झालीत हे खरं. त्याला खोबरेल चालू आहे, आणि टँकरच्या दिवसांत आरओचे दोन तांबे.

ऑफिसात एकीने 'सुट्टीवर जाऊन आलीस का' विचारलं. दुसरीने चष्मा बदललाय का म्हणून विचारलं. नवऱ्याला अजून पत्ता नाही.

आई गेल्या आठवड्यात आली. दुपारी अंगणात माझ्या डोक्याला तेल लावायला बसली. बट हातात घेऊन उन्हाकडे धरली आणि म्हणाली, 'स्कूटरवरून फिरताना डोक्याला काही बांधत जा गं, उन्हाने केस बघ कसे करपलेत.'

कैचीवाली | १९ मे, रात्री १०:२०

त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

पाटावरवंटा | १९ मे, रात्री १०:४८

सगळं वाचलं. कढईचं पुढे काय झालं ते कोणीच विचारलं नाही.

अबोली२२ | १९ मे, रात्री ११:०२

कोरफडीच्या कुंडीखाली ठेवलीये.